मऊचं स्वयंवर



चौथीच्या वर्गाला आपण सगळेच दरवर्षी एक निबंध देतो, 'माझा आवडता प्राणी'. निम्मी मुलं कुत्रा लिहितात, दोन-चार जण गाय आणि बैल लिहितात, उरलेली मांजर. मांजरीचा निबंध ठरलेला असतो. मांजराला चार पाय, दोन डोळे आणि एक शेपटी असते. ती म्याव म्याव करते. ती उंदीर खाते. मांजर आपल्याला खूप उपयोगी आहे. संपला निबंध. मीही लहानपणी हाच लिहिला आणि मास्तर झाल्यावर दहा-बारा वर्षं हाच तपासला.

पण मागच्या वर्षी माझ्याच घरातल्या मांजरीने मला असा प्रश्न घातला, की त्याचं उत्तर शोधता शोधता गणित, परिसर अभ्यास, थोडा इतिहास आणि सासूबाईंची बोलणी असे सगळे विषय एकदम झाले. म्हटलं, नेहमी पाठ टाकतो, या वेळी हे टाकावं. पाळीव प्राणी तुमच्याही घरी असतीलच.

आमच्या मांजरीचं नाव मऊ. जात पर्शियन, रंग सायीसारखा. २०२२ च्या दिवाळीत मुलीच्या हट्टापायी आमच्या ह्यांनी एका मोठ्या शहरातल्या विक्रेत्याकडून आणली. "पेपर आहेत, एकदम शुद्ध जात," असं तो म्हणाला होता. पिल्लू घरी आलं तेव्हा कागद हातात आला. पाहते तर लसीकरणाचं कार्ड! आईचं नाव नाही, बापाचं नाव नाही. आमच्याकडे कालवड विकत घेतानासुद्धा लोक तिची माय पाहून येतात. आम्ही मात्र मोबाइलवरचा फोटो पाहून आणली. असो. पिल्लाने पहिल्याच रात्री मुलीच्या ओढणीत झोप काढली आणि कागदाचा विषय मागे पडला.

मऊ वर्षाची व्हायच्या आतच माजावर यायला लागली. ज्यांनी मांजरी पाळल्यात त्यांना सांगायला नको. रात्री दोन वाजता लहान लेकरू रडावं तसा आवाज, जमिनीवर लोळणं, अन्नावरून मन उडणं. पहिल्या वेळी सासूबाईंना वाटलं तिच्या पोटात दुखतंय, त्यांनी ओवा शेकला. गाय-म्हशीचं एक चक्र असतं, एकवीस दिवसांचं. मांजरीचं वेगळं. तिच्यात बीज सुटतं ते बोक्याशी संग झाल्यावरच. संग झाला नाही की माज ओसरतो आणि दोन-तीन आठवड्यांत पुन्हा येतो. दिवस मोठा होत जाईल तसं हे वाढत जातं. म्हणजे फेब्रुवारीपासून पुढे आमच्या घरात झोप नाही.

अशातच जानेवारी २०२५ मध्ये वाशिममधले एक ओळखीचे दुकानदार घरी आले. त्यांच्याकडे पांढरा पर्शियन बोका. म्हणाले, "मॅडम, तुमची मांजर चार दिवस आमच्याकडे सोडा. पैसे काही नको. वेतातलं एक पिल्लू आमचं, बाकी तुमची. एकेक पिल्लू आठ हजाराला जाते, गिऱ्हाईक मी आणतो."

चहा पिऊन ते गेले आणि मी एका रद्दी उत्तरपत्रिकेच्या मागे हिशोब मांडला. पाच पिल्लं झाली, एक त्यांचं, उरली चार. चार गुणिले आठ हजार, बत्तीस हजार. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये आणि बाजारात प्रत्यक्ष मिळत होते चार हजारांच्या आसपास. म्हणजे चार पिल्लं बरोबर आठ क्विंटल सोयाबीन. पेरणी नाही, फवारणी नाही, मळणीचा खर्च नाही. आमच्या ह्यांची चार एकर कोरडवाहू आहे, त्यांनी तो कागद दोनदा पाहिला. खोटं कशाला बोलू, मीही दोनदा पाहिला. मुलीच्या पुढच्या वर्षीच्या फीचा आकडा मी त्याच कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी वर्गात हेच उदाहरण फळ्यावर घातलं. नाव न सांगता. 'एका मांजरीला पाच पिल्ले झाली...' असं. गुणाकार सगळ्यांना आला. पण मागच्या बाकावरचा एक पोरगा उभा राहिला.

"मॅडम, आमच्या कोठ्यात चार पिल्लं हायेत. फुकटात नेता का? आठ हजार कायले देते कोणी?"

वर्ग हसला. मी पण हसले. पण त्या दिवशी शाळेच्या खिचडीच्या शेडजवळून जाताना मला ती करडी मांजर दिसली, जिने मागच्या पावसाळ्यात आमच्या जुन्या दाखल-खारीजच्या कपाटात पिल्लं घातली होती. तीन होती. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात, तिने तर किचन, कपाट, अंगणवाडी असं सगळं फिरवलं. शेवटी एक राहिलं. दोन कुत्र्यांनी नेली. मुलांनी पेन्सिल बॉक्सच्या पुठ्ठ्यात त्यांना पुरलं होतं आणि त्या दिवशी कोणी धड खिचडी खाल्ली नाही. आपल्या गावात मांजरांची कमी नाही, माणसांना पाहिजे त्या मांजरांची कमी आहे. हे वाक्य मी तेव्हा मनात म्हटलं आणि घरी येईपर्यंत विसरले, कारण घरी सासूबाईंची वेगळीच सभा भरली होती.

"बापा बापा, मांजरीचं स्वयंवर मांडलं का तुम्ही? मांडा, मांडा. एक डाव तरी माय होऊ द्या तिले. मुकं जनावर हाय, ते सांगते थोडी!"

मी म्हटलं, आई, दुसराही एक मार्ग आहे, ऑपरेशन करून टाकायचं. झालं! मांजर सटवाईचं, तिची कूस बंद करणं म्हणजे पाप. बाळाच्या पाचवी-सहावीला जिची पूजा करतो ती षष्ठी, बंगालात तर तिची मूर्तीच मांजरावर बसलेली असते. मांजर मेलं तर सोन्याचं मांजर काशीला दान द्यावं लागतं, हे आपल्यापैकी प्रत्येकाने आजीकडून ऐकलंय. सासूबाईंना हे सगळं पाठ. मी हळूच म्हटलं, "आई, दुसऱ्या बाळंतपणानंतर माझ्या ऑपरेशनला टिफिन घेऊन तुम्हीच आल्या होत्या नं?" त्या क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "तू माय झाली होती नं दोन डाव. तिले एक तर डाव दे."

याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. खरं सांगते, मनातून मलाही तसंच वाटत होतं. आठ क्विंटल सोयाबीनपेक्षा हेच जास्त वाटत होतं.

म्हणून मी वाचायला बसले. आपण मास्तर लोक, अडलं की पुस्तक काढतो. आणि सगळ्यात आधी उडाली ती 'शुद्ध जात'.

इटलीचा एक प्रवासी होता, पिएत्रो देल्ला वाल्ले. इराणात फिरताना १६२० च्या सुमाराला त्याने खोरासानच्या लांब, रेशमी केसांच्या मांजरींचं वर्णन लिहून ठेवलं. हाच माणूस पुढे १६२३-२४ मध्ये सुरत आणि गोव्यालाही येऊन गेला. पर्शियन मांजरीची गोष्ट त्याच्यापासून सांगतात. पण आज आपण जिला पर्शियन म्हणतो ती घडली इंग्लंड-अमेरिकेत, मागच्या दीडशे वर्षांत. १३ जुलै १८७१ ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वेअर नावाच्या चित्रकाराने मांजरांचं मोठं प्रदर्शन भरवलं आणि तेव्हापासून मांजराच्या 'जाती', बक्षिसं, वंशावळीच्या वह्या हे सगळं सुरू झालं. शास्त्रज्ञांनी जनुकं तपासली तेव्हा पर्शियन मांजर इराणपेक्षा पश्चिम युरोपच्या मांजरांना जवळची निघाली. म्हणजे नाव इराणचं आणि माहेर विलायतेचं!

आणि चपटं नाक? तेही आधी एवढं नव्हतं. परीक्षकांना आवडत गेलं, लोक तशीच जोडपी लावत गेले, नाक आत आत गेलं. जुन्या फोटोतल्या पर्शियनला चांगलं नाक आहे. आज मऊच्या डोळ्यांतून सतत पाणी येतं, कारण चपट्या चेहऱ्यात अश्रूंच्या नळ्या नीट बसत नाहीत. मुलगी रोज सकाळी कापसाने तिचे डोळे पुसते. आम्ही समजत होतो धुळीमुळे होतं.

इथे मला माझ्या वडिलांची आठवण आली. आमच्या माहेरी गाई होत्या. गावात एक वळू देवाच्या नावाने सोडलेला असायचा, पण वडील आपली चांगली गाय त्याच्याकडे कधी नेत नसत. आठ मैल चालत दुसऱ्या गावच्या वळूकडे नेत. मी विचारलं तर म्हणाले, याच्या वंशाची वासरं खुरात कमजोर निघतात. पुढे दवाखान्यात कृत्रिम रेतन आलं तेव्हाही ते डॉक्टरांना विचारायचे, कोणत्या वळूचं आहे, त्याच्या मुलींनी दूध किती दिलं. शाळा चौथीपर्यंत शिकलेला माणूस. पण जनावराचं वेत घ्यायचं म्हणजे पुढच्या पिढीत काय यावं आणि काय येऊ नये, हे आधी ठरवायचं, एवढं त्यांना पक्कं माहीत होतं. विदर्भातली गवळाऊ गाय, बेरारी शेळी या जाती अशाच माणसांनी टिकवल्या. आता कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेत त्यांची नोंद आहे, पण नोंदीच्या आधी पिढ्यान्‌पिढ्या कोणीतरी निवड केली होती.

आणि मी काय निवडत होते? बोका जवळच्या गल्लीतला आहे आणि पांढरा आहे, एवढंच.

कायद्याचंही पाहिलं. कुत्र्यांची पैदास करणाऱ्यांसाठी केंद्र सरकारचे २०१७ चे नियम आहेत. नोंदणी लागते, मादी किमान अठरा महिन्यांची लागते. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ चे नियम आहेत, राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. पैदाशीचे ते नियम कुत्र्यांपुरते. घरात मांजरीचं एक वेत काढणाऱ्या बाईला विचारणारं कोणी नाही. याचा मला आधी आनंद झाला आणि नंतर जरा भीती वाटली.

शेवटी ठरवलं, जोडी लावायची तर आधी तपासणी करून लावायची. फेब्रुवारीतल्या एका रविवारी मऊला टोपलीत घातलं आणि आम्ही अकोल्याला निघालो. अकोल्याला पशुवैद्यकाची स्नातकोत्तर संस्था असल्यामुळे तिथे शिकलेले डॉक्टर शहरात बरेच आहेत. वाशिमहून मालेगाव, मेडशी, पातूर असा रस्ता. मेडशीच्या पुढे घाट लागला तसा मऊने टोपलीत जो आवाज लावला तो अकोल्यापर्यंत थांबला नाही.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी आधी काहीच तपासलं नाही, नुसते प्रश्न विचारले. मला आमच्या डी.एड.च्या तोंडी परीक्षेची आठवण झाली.

तिचा रक्तगट माहीत आहे? बोक्याचा? मी म्हटलं, मांजराला रक्तगट असतो? असतो. ए, बी आणि क्वचित एबी. आई बी गटाची आणि बाप ए गटाचा असला, तर ए गटाच्या पिल्लांना पहिल्या दिवसाचं आईचं चीक दूधच मारू शकतं. धडधाकट जन्मलेली पिल्लं दूध पितात आणि एक-दोन दिवसांत जातात. लोक म्हणतात नजर लागली. पर्शियनमध्ये बी गट बऱ्यापैकी सापडतो.

आत्ता जोडी लावली तर पिल्लं कधी होतील? मी हिशोब केला, साधारण त्रेसष्ट ते पासष्ट दिवस, म्हणजे एप्रिलची अखेर. "म्हणजे मे महिना. अकोला-वाशिमचा मे, पंचेचाळीस डिग्री. एवढ्या केसांची आई आणि तळहाताएवढी पिल्लं. लाइट गेली तर कूलर कशावर चालवाल?" मी गप्प.

पिल्लांची डोकी गोल आणि मोठी असतात, अडलं तर रात्री सिझेरियन करायला वाशिममध्ये कोणाकडे जाल? पिल्लं आठ आठवडे तरी आईजवळ ठेवाल का? घेणाऱ्याने सहा महिन्यांनी परत आणून दिलं तर घ्याल का?

मग मी सासूबाईंचा प्रश्न विचारला. एकदा तरी आई होणं मांजरीच्या तब्येतीला चांगलं असतं का? डॉक्टर म्हणाले, दर आठवड्याला कोणीतरी हे विचारतं. एक वेत झाल्याने मांजरीचा काहीही फायदा होत नाही. उलट लवकर ऑपरेशन केलं तर स्तनाच्या गाठींचा धोका खूप कमी होतो आणि गर्भाशयात पू होण्याचा प्रश्नच उरत नाही. "तिला माज येतो मॅडम, आई व्हायचं स्वप्न पडत नाही." हे त्यांनी हसून म्हटलं. मला ते तेवढं पटलं नाही. शेडमधली करडी मांजर तीन दिवस पिल्लं शोधत फिरली होती, ते मी पाहिलंय. पण झालेली पिल्लं हरवण्याचं दुःख वेगळं आणि न झालेल्यांचं वेगळं, हेही खरं.

शेवटी ते म्हणाले, पर्शियन आहे, सोनोग्राफी करून घेऊ.

मऊच्या पोटावरचे केस काढले, जेल लावलं. मुलीने तिचे पुढचे पाय धरले होते. पडद्यावर राखाडी रंगात काळे गोल ठिपके दिसत होते. उजव्या मूत्रपिंडात चार, डाव्यात तीन. मला वाटलं ते असतातच. डॉक्टर बराच वेळ काही बोलले नाहीत, तेव्हा समजलं की नसतात.

त्या आजाराला मराठीत म्हणायचं तर मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी. डॉक्टर त्याला पीकेडी म्हणतात. जन्मापासून असतो, गाठी हळूहळू वाढतात, चांगलं मूत्रपिंड दाबत जातात. बरीच वर्षं वरून काही कळत नाही. मग मांजर पाणी जास्त पिऊ लागते, लघवी वाढते, वजन उतरतं. साधारण सातव्या वर्षाच्या सुमाराला मूत्रपिंडं थकतात, कोणाची तिसऱ्या वर्षीच, कोणाची दहाव्या. इलाज नाही, सांभाळणं आहे. २००४ मध्ये अमेरिकेत डॉ. लेस्ली लायन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यामागचा जनुकातला दोष शोधून काढला. निरनिराळ्या देशांत पर्शियन मांजरी तपासल्या गेल्या तेव्हा तीस ते पन्नास टक्क्यांमध्ये तो निघाला होता. दर दोन-तीन मांजरींमागे एक! ज्यांनी तपासून जोड्या लावल्या त्यांच्याकडे तो कमी होत गेला. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून ही चाचणी होते. ज्यांनी नाही तपासलं त्यांच्याकडे चालूच आहे, कारण मांजर व्यायच्या वयात ठणठणीत दिसते.

आणि हा दोष असा आहे, की आई किंवा बाप एकाकडून आला तरी पुरतो. मऊला पिल्लं झाली असती तर प्रत्येक पिल्लाला निम्मी-निम्मी शक्यता.

मी विचारलं, पिल्लं तपासून निरोगी तेवढीच दिली तर? डॉक्टर म्हणाले, बाहेर काही जाणकार असं करतात, फार मोलाची मांजर असेल तर. पण मग आजारी निघतील त्यांचं काय करायचं ते आधी ठरवावं लागतं. तुम्ही ठेवाल का सगळी?

येताना घाटात मऊ चूप होती. आम्हीही.

सोमवारी वर्गात गेले आणि ठरवलेला पाठ बाजूला ठेवला. आम्ही बावीस मुलं. प्रत्येक जोडीला चार-चार नाणी दिली, एकेक रुपयाची. छापा म्हणजे निरोगी पिल्लू, काटा म्हणजे आजारी. टाका आणि लिहा. दहा मिनिटं वर्गात नुसता खणखणाट. बहुतेकांचे दोन-दोन, कोणाचे तीन-एक. चारही छापे एकाच जोडीचे आले, ती मागच्या बाकावरच्या त्याच पोराची. तो नाचायलाच लागला. मग आम्ही फळ्यावर सगळे प्रकार लिहून काढले, छापा-छापा-छापा-छापा पासून काटा-काटा-काटा-काटा पर्यंत. सोळा झाले. सोळात एकच सगळा छाप्यांचा. (पाचवी-सहावीला संभाव्यतेची ओळख करून द्यायला हा खेळ चांगला आहे, करून पाहा. नाणी मात्र मोजून परत घ्या, माझं एक गेलं.)

तो पोरगा म्हणाला, "मॅडम, माझी तर सारी चांगली निंगाली. मंग टाकून पाहाले काय होते?"

दुसऱ्या एका मुलीने त्याला उत्तर दिलं, "तुहे नाणे हायेत. पिल्लू मेलं तं?"

मी काही बोलले नाही.

बोकेवाल्यांना नाही म्हणून सांगितलं. कारणही सांगितलं आणि म्हटलं, तुमच्या बोक्याचीही एकदा सोनोग्राफी करा. ते हसले. "मॅडम, आपला बोका पाहा, बैल हाय बैल." दोन महिन्यांनी त्यांच्याकडे दुसऱ्या कोणाची मांजर आली होती. मी पुन्हा सांगू शकले असते. सांगितलं नाही. वाशिम लहान गाव आहे, रोज तोंड पाहावं लागतं. हे माझं चुकलं असं मला आजही वाटतं.

ज्याने मऊ विकली त्याला फोन केला. मऊची आई किंवा बाप, कोणातरी एकात हे असणार, तुम्ही त्यांची पिल्लं विकणं थांबवा, एवढंच म्हणायचं होतं. पैसे परत मागायचे नव्हते. त्याने अर्धं ऐकलं आणि नंतर माझा नंबर ब्लॉक केला.

सगळ्यात अवघड फोन तिसरा होता. मऊसोबतचंच एक पिल्लू रिसोड तालुक्यातल्या एका कुटुंबाने घेतलं होतं, आम्ही एकाच गाडीने दोन्ही आणली होती. त्यांची मुलगी दुसरीत आहे. मी आठवडाभर फोन हातात घेऊन ठेवून देत होते. शेवटी केला. ते गृहस्थ शांतपणे सगळं ऐकून म्हणाले, "मॅडम, इलाज आहे का?" मी म्हटलं, नाही, पण आधी कळलं तर पाणी, खाणं सांभाळता येतं, आणि निघालंच तर पिल्लं काढायची नाहीत. ते म्हणाले, "पिल्लं तर आम्ही नाहीच काढणार, आपला बोका आहे, त्याचं ऑपरेशन करून घेतो. पण तपासत नाही. निघालं तर पोरगी रोज त्याच्याकडे पाहून रडल."

मी शिक्षिका आहे, माहिती असलेली बरी असंच मी आयुष्यभर शिकवलं. त्यांना मात्र मी आग्रह केला नाही. आमच्या मुलीने तो पडदा पाहिला होता आणि ती त्यानंतर महिनाभर रात्री उठून मऊची वाटी पाहायची, पाणी किती कमी झालं ते.

मार्चमध्ये मऊचं ऑपरेशन झालं. आधी रक्त तपासलं, मूत्रपिंडाचं काम अजून चांगलं चालू होतं, तेव्हाच डॉक्टरांनी भूल दिली. सासूबाई येणार नाही म्हणाल्या होत्या. निघायच्या वेळी चप्पल घालून गाडीत बसलेल्या दिसल्या. दवाखान्याच्या बाकावर दोन तास जपमाळ ओढत होत्या. मऊला बाहेर आणली तेव्हा ती अर्धवट गुंगीत होती, जीभ बाहेर. सासूबाईंनी आपल्या लुगड्याच्या पदरात तिला गुंडाळलं आणि अकोल्यापासून वाशिमपर्यंत मांडीवरून खाली ठेवली नाही. पातूरला आम्ही चहाला थांबलो, त्या उतरल्या नाहीत. घरी आल्यावर देवघरापुढे दिवा लावून काहीतरी पुटपुटल्या. काय म्हणाल्या ते मी विचारलं नाही. सोन्याच्या मांजराचा विषय त्यानंतर निघाला नाही.

आता आमच्या घरात पाण्याच्या तीन वाट्या आहेत, एक स्वयंपाकघरात, एक पडवीत, एक मुलीच्या पलंगाखाली. मांजरं मुळात पाणी कमी पितात, म्हणून कोरड्या खाण्याऐवजी आम्ही तिला ओलं देतो. दर सहा महिन्यांनी रक्त तपासायचं. उत्तरपत्रिकेमागचा तो हिशोब ह्यांनी फाडला नाही, सोयाबीनच्या पावत्यांच्या फाइलमध्येच आहे. मुलीची फी आम्ही दोन हप्त्यांत भरली.

जूनच्या शेवटी शाळा उघडली, नवी चौथी आली. जुलैत नेहमीचा निबंध दिला. एका मुलीने मांजरीवर लिहिला. तिची बहीण मागच्या वर्षी माझ्याच वर्गात होती, घरी सगळं सांगितलं असणार. तिने लिहिलं, "आमच्या मॅडमकडे मऊ नावाची मांजर आहे. तिला पिल्ले होणार नाहीत. तिचे नाक बसके आहे. ती उंदीर खात नाही. ती काहीच उपयोगी नाही, तरी मॅडमची आजी तिला मांडीवर घेते."

आजी नाही, सासू. ते तेवढं मी लाल पेनाने दुरुस्त केलं.